बुटाच्या खोक्यात न मावलेलं शहर

बुटाचं रिकामं खोकं, आइसक्रीमच्या काड्या, सुतळी आणि बागेतलं वाळकं गवत. गेल्या हिवाळ्यात आमचा एक अख्खा रविवार या सामानात गेला. लेक इथल्या, म्हणजे इंग्लंडातल्या, प्राथमिक शाळेत चौथीला आहे. गृहपाठ होता: अँग्लो-सॅक्सन घर बनवा. अँग्लो-सॅक्सन म्हणजे रोमन सत्ता गेल्यावर समुद्रापलीकडून येऊन इंग्लंडात वसलेले लोक. कुडाच्या भिंती, गवताने शाकारलेलं छप्पर, मधोमध चूल, बाहेर एक डुक्कर. डुक्कर प्ले-डोचं केलं. सोबतच्या कागदावर लिहिलं होतं की हे लोक लहान खेड्यांत राहत, शेती करत आणि लागणारं सगळं स्वतःच बनवत.

गवत चिकटवता चिकटवता तिने विचारलं, "आई, मग मीठ कुठून आणायचे?"

मला सांगता आलं नाही. रात्री शोधलं आणि त्या कागदावरचं वाक्य एकेक करून ढासळायला लागलं. मीठ यायचं ते मिठागरांतून आणि खाऱ्या झऱ्यांवर वसलेल्या ठिकाणांहून. आजच्या ड्रॉइटविचला तेव्हा सॉल्टविक, म्हणजे मिठाची पेठ, असंच म्हणत. धान्य दळायचं जातंसुद्धा पुष्कळदा परदेशी असायचं. जर्मनीतल्या आयफेल भागातल्या लाव्हाच्या दगडाची जाती ऱ्हाईन नदीने खाली येत, समुद्र ओलांडत आणि इंग्लंडच्या बंदरांत उतरत. खेड्यातल्या बाईच्या पुढ्यातलं जातं दोन देश आणि एक शहर पार करून आलेलं. खोक्यातल्या घरात आम्ही जातं ठेवलं होतंच. ते तिथवर पोचलं कसं, याला मात्र खोक्यात जागा नव्हती.

इंग्लंडच्या शाळांनी मुलांना अँग्लो-सॅक्सन काळातलं शहर शिकवलं पाहिजे, आणि खेड्याच्या धड्याला जोडलेलं परिशिष्ट म्हणून नव्हे, हे माझं म्हणणं आहे. ते न शिकवल्याने मुलांना खेडंही नीट कळत नाही.

आधी अभ्यासक्रमाकडे पाहू. 2014 पासून लागू असलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात 7 ते 11 वयाच्या मुलांसाठी हा काळ सक्तीचा आहे. काय शिकवावं याची जी उदाहरणं दिलीत, त्यांत अँग्लो-सॅक्सनांची आक्रमणं, वसाहती आणि राज्यं यांच्यापुढे लिहिलंय, स्थळनामं आणि खेड्यातलं जीवन. मग कला-संस्कृती, मग ख्रिस्ती धर्माचा प्रसार. उदाहरणं बंधनकारक नाहीत हे खरं. पण शिक्षकाच्या हातात आठवड्याला तासभर असतो. तो उदाहरणालाच धडा मानतो आणि कागद छापणारेही त्यावरूनच कागद छापतात. म्हणून देशभर वर्गावर्गांतून गवताची खोकी.

हे अगदीच खोटं आहे असंही नाही. इ.स. 410 च्या सुमारास रोमन सत्ता गेली, नाणी चलनातून गेली आणि भिंतींच्या आतली शहरं ओस पडली. नवे आलेले लोक त्या पडक्या दगडी वास्तूंकडे बघून 'ही राक्षसांची करणी' असं म्हणत. त्यांच्या भाषेतल्या एका कवितेत अशा उजाड शहराचं मोठं सुरेख वर्णन आहे. पहिली सुमारे दोनशे वर्षं खेड्यांचीच होती. सफकमधल्या वेस्ट स्टोला उत्खननाच्या जागीच उभं केलेलं खेडं आहे आणि तिथे मुलांना जरूर न्यावं.

पण 410 पासून नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं त्या 1066 पर्यंत म्हणजे साडेसहाशे वर्षं. तुलनेला, शिवाजी महाराजांच्या जन्माला आजपर्यंत चारशे वर्षंही पुरी झालेली नाहीत. एवढा मोठा काळ एकाच झोपडीत कोंडायचा, आणि तीही त्याच्या सुरुवातीच्या पिढ्यांची, हे काही बरोबर नाही.

यातून एक गमतीशीर घोटाळा होतो. शाळेच्या क्रमात रोमन म्हणजे शहरं, सॅक्सन म्हणजे खेडी, आणि मग स्कँडिनेव्हियातले दर्यावर्दी, व्हायकिंग, येतात. व्हायकिंग शिकताना मुलांना यॉर्कच्या योर्विक संग्रहालयात नेतात. तिथे गल्ल्या आहेत, दुकानं आहेत, कातारी पेले कातताहेत, मासळीबाजार आहे, संडास आहे आणि त्याचा वासही आहे. मुलं घरी येतात ती 'शहर व्हायकिंगांनी आणलं' असं ठरवून. खरं तर 866 मध्ये व्हायकिंगांनी यॉर्क घेतलं तेव्हा त्या गावाचं नाव एओफोरविक होतं, नदीकाठी व्यापारी वस्ती होती आणि विद्वानांना घडवणारी शाळाही होती. ज्या कॉपरगेट गल्लीत योर्विक उभं आहे, तिथेच 1982 मध्ये सापडलेलं प्रसिद्ध शिरस्त्राण व्हायकिंगांच्या आधीचं, आठव्या शतकातलं आहे. व्हायकिंगांनी त्या शहराची भरभराट केली यात वाद नाही. पण आयत्या पेठेत दुकान थाटणं वेगळं आणि पेठ वसवणं वेगळं.

मुलांना यातली कुठली गोष्ट सांगावी असं मला कोणी विचारलं, तर मी लंडनची सांगेन, कारण ती चक्क हरवलेल्या शहराची गोष्ट आहे. आठव्या शतकात उत्तरेकडच्या जॅरोच्या मठात बीड नावाचा एक साधू होता (आपल्या बीडशी काही नातं नाही). 731 साली पुऱ्या केलेल्या आपल्या इतिहासात तो लंडनबद्दल लिहितो की जमिनीवरून आणि समुद्रावरून येणाऱ्या अनेक लोकांची ती बाजारपेठ आहे. पुरातत्त्ववाले वर्षानुवर्षं जुन्या रोमन भिंतींच्या आत खणत राहिले. रोमन अवशेष मिळाले, नंतरचे मिळाले, पण बीडच्या काळाचा थर जवळपास रिकामा. मग बीडने थापा मारल्या की काय? 1984 मध्ये अ‍ॅलन व्हिन्स आणि मार्टिन बिडल या दोघांनी स्वतंत्रपणे एकच उत्तर मांडलं: भिंतींच्या आत नका शोधू, पश्चिमेला जा. स्ट्रँड, कॉव्हेंट गार्डन. पुढे रॉयल ऑपेरा हाउसच्या आवारात खणलं तेव्हा रस्ते, घरं, कारागिरांच्या जागा, सगळं निघालं. हे लुंडेनविक, म्हणजे लंडनची पेठ, सुमारे 60 हेक्टरांवर पसरलेलं होतं. नवव्या शतकात व्हायकिंगांचे हल्ले वाढले आणि 886 मध्ये आल्फ्रेड राजाने लोकांना पुन्हा रोमन भिंतींच्या आडोशाला वसवलं. मागे राहिली ती 'जुनी विक'. तिचं नाव आजही नकाशावर आहे: ऑल्डविच.

आठ वर्षांच्या मुलाला यात काय जड आहे? पुरावा कुठे नाही, तो नसण्याचं कारण काय, नावातून काय कळतं, हे सगळं यात आहे. इतिहास ही शोधाशोध असते हे शिकवायला इतकी तयार गोष्ट दुसरी नाही. असंच साउथॅम्प्टनचं जुनं रूप, हॅमविक: खडी टाकलेले रस्ते, दोन-तीन हजारांची वस्ती. इप्सविचला तर कुंभारांच्या भट्ट्या होत्या आणि तिथली मडकी आसपासच्या खेड्यांतून सापडतात. खेड्यातलं मडकं शहरातलं, जातं परदेशातलं. आणि आम्ही शिकवणार की सगळं घरीच बनायचं!

शहराचा धडा म्हणजे तटबंदीचा नकाशा रंगवणं नव्हे, हेही सांगायला हवं. तो कंटाळवाणा होईल आणि त्यातून कळणारही काही नाही. शहर शिकवायचं ते व्यवहारातून. अनोळखी माणसाकडून काही विकत घेताना त्याच्यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा, हा शहराचा मूळ प्रश्न. खेड्यात सगळे सगळ्यांना ओळखतात. तिथे गाय कोणाची हे विचारावं लागत नाही, बाजारात विचारावं लागतं. दहाव्या शतकात अथेलस्टन राजाने कायदाच केला की 20 पेनींहून जास्त किमतीचा माल शहराबाहेर खरेदी करायचा नाही, आणि शहरातही करायचा तो पोर्टरीव्ह किंवा दुसऱ्या भरवशाच्या माणसाच्या साक्षीने. पोर्टरीव्ह म्हणजे पेठेचा कारभारी. आपल्याकडे पेठेला शेटे-महाजन असत, साधारण त्यातलाच प्रकार. चोरीचा माल खपू नये आणि राजाची जकात बुडू नये, असे दोन पक्षी एका दगडात.

त्याच राजाने ठरवून दिलं की नाणं शहरातच पाडायचं. टांकसाळवाल्याने खोट केली आणि ती सिद्ध झाली, तर ज्या हाताने केली तो हात तोडून टांकसाळीवर टांगायचा. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम शांत होतो म्हणे. पुढे एडगर राजाच्या सुधारणेनंतर, साधारण 973 पासून, प्रत्येक पेनीवर एका बाजूला राजा आणि दुसऱ्या बाजूला टांकसाळवाल्याचं नाव आणि शहराचं नाव. म्हणजे नाण्यावरच जबाबदार माणसाचा पत्ता. सुट्टे हवेत तर पेनी कापायची. अर्धी करून अर्धी, चार तुकडे करून पाव. 'फार्दिंग' हा शब्द त्या चौथाईतूनच आला. अपूर्णांकांचा तास घेणाऱ्या बाईंना याहून चांगलं उदाहरण कुठून मिळणार?

जकातीची यादी तर मला तोंडपाठ झाली आहे. एथेलरेड राजाच्या नावाने आलेल्या, सुमारे इ.स. 1000 च्या मानल्या जाणाऱ्या लंडनच्या नियमांत लिहिलंय: कोंबड्यांची एक पाटी बाजारात आली तर एक कोंबडी द्यायची, अंड्यांची पाटी आली तर पाच अंडी. बिलिंग्सगेटच्या धक्क्याला लहान होडी लागली तर अर्धी पेनी, शिडाची मोठी असेल तर एक. चीज-लोणी विकणाऱ्या बायकांकडून ख्रिसमसच्या आसपास पेनी. फ्रान्समधल्या रुआँचे लोक दारू आणि मासे घेऊन आले तर त्यांचा दर वेगळा. वर्गात दोन टेबलं लावा, एक पोर जकातनाक्यावर बसवा, बाकीच्यांच्या हातात पाट्या द्या. दहा मिनिटांत कोणीतरी अंडी लपवणारच. तिथून धडा आपोआप पुढे सरकतो.

ही कल्पना मी काढलेली नाही. हजार वर्षांपूर्वीचे मास्तर हेच करत होते. एल्फ्रिक नावाच्या साधूने मठातल्या मुलांना लॅटिन शिकवायला एक संवाद लिहिला. त्यात एक मुलगा नांगऱ्या होतो, एक मेंढपाळ, एक कोळी, एक व्यापारी, एक चर्मकार, एक मीठवाला, आणि मास्तर प्रश्न विचारतात. कोळ्याला विचारतात, मासे विकतोस कुठे? तो म्हणतो, शहरात. घेतं कोण? शहरातले लोक, आणि जितके खपतील तितके माझ्याने पकडले जात नाहीत. व्यापारी सांगतो की तो रेशीम, मसाले, दारू, हस्तिदंत, काच आणतो. आणलास त्याच भावाने विकतोस का, या प्रश्नावर त्याचं उत्तर रोखठोक आहे: मग माझ्या कष्टांचा फायदा काय? चढ्या भावाने विकतो, बायको-मुलाचं पोट भरायचंय. म्हणजे अँग्लो-सॅक्सन काळातल्या स्वतःच्या पाठ्यपुस्तकात शहर आहे, गिऱ्हाईक आहे, नफा आहे, आणि एकविसाव्या शतकातल्या कागदावर फक्त डुक्कर.

त्याच संवादातला नांगऱ्या मात्र आपलं काम किती कष्टाचं हे सांगून पुढे म्हणतो, कारण मी स्वतंत्र नाही. इथे शहराची दुसरी बाजू येते आणि ती टाळायची नाही. बीडने एका तरुणाची हकिकत दिलीय. 679 च्या लढाईत इम्मा नावाचा सरदार शत्रूच्या हाती लागला आणि लंडनमध्ये एका फ्रिझियन, म्हणजे आजच्या हॉलंडच्या किनाऱ्याकडच्या, व्यापाऱ्याला विकला गेला. त्याच्या बेड्या आपोआप गळून पडत, कारण त्याचा धर्मगुरू भाऊ त्याच्यासाठी प्रार्थना करत होता, असा चमत्कार त्यात आहे. बीडला चमत्कार महत्त्वाचा वाटला. मला त्यातलं विक्रीचं वाक्य महत्त्वाचं वाटतं, कारण ते किती सहज लिहिलंय! लंडनच्या बाजारात माणूस विकत मिळे. अकराव्या शतकात ब्रिस्टलमधून आयर्लंडला माणसं विकली जात आणि वुस्टरचे बिशप वुल्फस्टन त्याविरुद्ध प्रवचनं देत. आठ-नऊ वर्षांच्या मुलांना हे सांगावं का? माझ्या मते सांगावं, भाषा जपून. व्हायकिंगांनी साधूंना मारलं हे आपण त्यांना सांगतोच ना? मग आपल्या शहरात काय चालायचं तेही सांगायला हवं. नाहीतर क्रौर्य नेहमी बाहेरून जहाजात बसूनच येतं, असा समज पक्का होतो.

आता आक्षेप. पहिला, आणि खरोखर वजनाचा: बहुसंख्य लोक खेड्यातच राहत होते. बरोबर. अगदी शेवटी, 1066 च्या सुमारासही शहरी लोकसंख्या दहा टक्क्यांच्या घरात असावी, असा इतिहासकारांचा साधारण अंदाज आहे. पण ते दहा टक्के बाकीच्या नव्वदांशी कसे बांधलेले होते, हे पाहायला दक्षिण इंग्लंडातल्या विंचेस्टर शहराची भिंत घ्या. आल्फ्रेडने आणि त्याच्या मुलाने व्हायकिंगांविरुद्ध तीसेक तटबंदीची ठाणी उभी केली किंवा दुरुस्त केली. त्यांना 'बर्ह' म्हणत, आजच्या 'बरो'चं मूळ तेच. कोणत्या ठाण्याला किती जमीन लावून दिली याची यादी शिल्लक आहे. जमिनीचं माप हाइड, आणि दर हाइडमागे एक माणूस भिंतीवर पाठवायचा. एका पोलमागे चार माणसं. पोल म्हणजे साडेसोळा फूट, आपल्या जुन्या काठीसारखं लांबीचं माप. विंचेस्टरच्या नावावर 2,400 हाइड. मग मुलांना गणित घालायचं: 2,400 माणसं, भागिले चार, 600 पोल, गुणिले साडेसोळा, 9,900 फूट. आणि विंचेस्टरच्या जुन्या भिंतीची लांबी प्रत्यक्ष मोजली तर फरक येतो एक टक्क्याहून कमी! सगळ्याच ठाण्यांचा हिशोब इतका चोख जुळत नाही, पण विंचेस्टरचा जुळतो.

मी हे गणित स्वयंपाकघरातल्या फळ्यावर मांडलं तेव्हा लेक उत्तरावर खूश झाली नाही. तिला वेगळंच हवं होतं. "ही माणसं राहायची कुठे?" बरीचशी आपापल्या गावात. "मग शेत कोण बघायचं?" हाच तर प्रश्न. तिच्या खोक्यातल्या घरातला बाबा वर्षातले काही दिवस चार माणसांच्या वाट्याच्या साडेसोळा फुटांतल्या आपल्या हिश्श्यावर उभा असणार. आणि भिंतीच्या आत जे रस्ते आखले, त्यांना पुढे धंद्यांवरून नावं पडली: कातडी कमावणाऱ्यांचा रस्ता, खाटकांचा रस्ता, ढाली बनवणाऱ्यांचा रस्ता. पुण्यातल्या तांबट आळीत लहानपण गेलेल्या माणसाला यात नवल वाटणार नाही. आमच्या पोरांना मात्र वाटतं, कारण त्यांच्या रस्त्यांना झाडांची नावं असतात.

दुसरा आक्षेप वेळेचा. प्राथमिकच्या शिक्षकाला गणित, इंग्रजी, विज्ञान, पोहणं, सगळं बघायचं असतं आणि त्यात इतिहासाला अर्धं सत्र. म्हणून मी नवीन काही वाढवा म्हणत नाही. घर बांधण्याचे दोन आठवडे एकावर आणा. उरलेल्या आठवड्यात बाजार भरवा. डुक्कर दोन्हीकडे चालेल.

तिसरा आक्षेप मी मूक आक्षेप म्हणते, कारण तो कोणी बोलून दाखवत नाही. खेडं दिसायला छान असतं. धूर, गवत, शेकोटी, एका वंशाचे, एका भाषेचे, मेहनती लोक. आपले पूर्वज असे असावेत असं कोणत्याही समाजाला वाटतं आणि आपणही आपल्या स्वयंपूर्ण खेड्याच्या गोष्टी काही कमी सांगितलेल्या नाहीत. शहर त्यात चिखल कालवतं, अगदी शब्दशः. यॉर्कला कुडाने बांधून काढलेल्या संडासाच्या खड्ड्यांतून जंतांची अंडी निघाली, पुसायला वापरलेलं शेवाळ निघालं. 1972 मध्ये एका बँकेच्या इमारतीखाली नवव्या शतकातली, वीसेक सेंटिमीटर लांबीची मानवी विष्ठा सापडली आणि ती आज काचेच्या पेटीत आहे. मुलांना तेवढीच आठवते हे मान्य. पण तिच्या शेजारी फ्रिझियन व्यापारी आहे, रुआँची दारू आहे, आणि मिरी आहे.

मिरीचं सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. 735 मध्ये तोच आपला बीड मरणपंथाला लागला तेव्हा त्याने आपल्या छोट्या पेटीतल्या मोलाच्या वस्तू मठातल्या साथीदारांना वाटल्या: थोडी मिरी, काही वस्त्रं, धूप. लंडनच्या त्या जकातीच्या नियमांत जर्मन व्यापाऱ्यांनी ख्रिसमसला आणि ईस्टरला द्यायच्या वस्तूंत कापड आणि हातमोज्यांबरोबर दहा पौंड मिरी आहे. मिरी तेव्हा मलबारातून यायची, अरबी समुद्र ओलांडून, किती हातांतून कोण जाणे. यावर 'बघा, आपण तिथेही होतो' अशी छाती फुगवायची गरज नाही. मलबारातल्या मिरीवाल्याने जॅरोचं नावही ऐकलं नसणार. पण आमच्या लेकीच्या वर्गात सोमाली मुलगा आहे, पोलिश मुलगी आहे, दोन तमिळ भावंडं आहेत. आठव्या शतकातल्या लंडनमध्ये परक्या भाषा ऐकू यायच्या हे त्यांना कळलं, तर ही माझ्या शहराची गोष्ट आहे असं म्हणायला त्यांना कोणाची परवानगी लागणार नाही.

खोकं शाळेत गेलं, भिंतीवर एक सुंदर स्टिकर मिळवून परत आलं आणि आता गराजमध्ये आहे. प्ले-डोच्या डुकराला भेगा पडल्यात. मे महिन्यात लंडनला गेलो होतो. स्ट्रँडवरून बस चालली होती, गर्दी होती, लेक माझ्या मांडीवर अर्धी बसली, अर्धी उभी. बसमधल्या बाईच्या आवाजाने पुढचा थांबा सांगितला. ती वळून मराठीत म्हणाली, "आई, जुनी पेठ आली."